थंड तेलावरची चाचणी

१२ डिसेंबर

ताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र तसंच कचऱ्यात टाकलं नसशील, असं धरून चालतो. तुझा पत्ता मामेबहिणीकडून काढला. आधी तासभर तिने माझी हजेरी घेतली, मग दिला.

कारण तसं साधंच आहे. कंपनीतली चार नंबरची खोली रिकामी करायची आहे. तीच, जिथे तुझ्या पिनची टिकाऊपणाची चाचणी झाली होती. आता जिकडे तिकडे बॅटरीच्या गाड्या, इंजिनाला कोण विचारतंय! आमची नवी मॅनेजर माझ्या मुलीच्या वयाची आहे. परवा दारात उभी राहून म्हणाली, "सर, या चाचणीच्या रिगवर तुमचं काही राहिलंय का? नसेल तर भंगारात काढते." मी आठ दिवस मागितले. कशासाठी ते तिने विचारलं नाही, बरं झालं.

कपाटाच्या तळाशी तुझे व्हॉल्व्ह उघडणारे रॉकर सापडले. शेवटच्या लॉटमधले सात, तेलकट कागदात गुंडाळलेले, प्रत्येकाला तुझ्या अक्षरातली चिठ्ठी. तुझा सात अजून एकासारखाच दिसतो. त्यातले चार मी रिगवर चढवले.

मॅनेजरबाईंना हे प्रकरण काय ते समजावून सांगताना मी तुझीच भाषा उसनी घेतली. व्हॉल्व्ह कधी थोडा उघडायचा, कधी पूर्ण. त्यासाठी रॉकरचे दोन भाग, आणि दोघांना जोडणारी बोटाच्या पेराएवढी पिन. पिन आत गेली की दोन्ही भाग एकत्र उठतात, व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो. बाहेर आली की एक भाग नुसताच हलत राहतो आणि व्हॉल्व्ह थोडाच उघडतो. पिनला आत-बाहेर करतो ऑइलचा दाब. आणि हे सगळं व्हायचं ते रॉकर ढकलणाऱ्या कॅमची गोल पाठ खाली असताना, रॉकरवर भार नसताना. डोळ्याची पापणी लवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

"आणि उशीर झाला तर?" तिने विचारलं.

"कडी अर्धीच लागलेली असताना दारावर कोणी खांदा मारला तर?" मी म्हटलं. हे वाक्यही तुझंच.

बाकी ठीक. गुडघे कुरकुरतात. मुलगी नोकरीला लागली. बायको विचारते, ताईंचं काही कळलं का, मी नाही म्हणतो. तू शाळेत गणित शिकवतेस असं ऐकलं. त्या पोरांची दया येते.

दोन ओळी लिहिल्यास तर बरं वाटेल.

तुझा भाऊ


१९ डिसेंबर

ताई,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी चार दिवस टपालवाल्याच्या वाटेवर डोळे लावून बसलो. त्याला वाटलं, मला कोर्टाची नोटीस यायची आहे.

रिग चालवली. रोज सकाळी सातला, हीटर न लावता. खोलीची खिडकी उघडी टाकून ठेवतो, त्यामुळे ऑइल सहा अंशांवर असतं. इतकं घट्ट की पाइपमधून जाताना कण्हतं. चौथ्या सकाळी, अकरा हजार आणि काही वेळा पिन आत-बाहेर झाल्यावर, आवाज आला. टक. एकदाच. मग सगळं पूर्ववत.

बंद करून उघडलं. तिसऱ्या रॉकरच्या पिनच्या कडेला नखाएवढी चकचकीत खूण. पिन अर्धीच आत गेली होती, सगळा भार त्या कडेवर आला आणि पिन बाहेर फेकली गेली. स्प्रिंगने व्हॉल्व्ह धाडकन बंद केला. असं वीस-पंचवीस वेळा झालं की व्हॉल्व्हची मान तुटते. पुढचं तुला सांगायला नको.

आता एक गोष्ट, जी तुला बहुधा माहीत नाही. त्या वेळी मी रोज सकाळी रिग सुरू करण्याआधी ऑइल गरम करून घ्यायचो. सवय म्हण. गार ऑइलवर रिग हादरायची, पीळ मोजणारा टॉर्कचा सेन्सर दोनदा उडाला होता आणि नवा यायला तीन-तीन आठवडे लागायचे. चाचणीच्या कागदावर तू स्पष्ट लिहिलं होतंस, "थंड ऑइलवर रोज शंभर वेळा". मी त्यापुढे बरोबरची खूण करायचो. सहाशे तास चाचणी चालली आणि त्यात तुझी पिन एकदाही खऱ्या थंडीत गेली नाही.

तेव्हा हिशेब सरळ आहे. दोष तुझ्या पिनमध्ये होता. कडेचा उतार अर्ध्या मिलिमीटरने वाढवायचा, दोन दिवसांचं काम. पण तो दोष पकडायचा पगार मला मिळत होता. तू नोकरी सोडलीस, गाव सोडलंस, आईच्या शेवटच्या दिवशीही माझ्याशी न बोलता पलीकडच्या भिंतीला उभी राहिलीस. अकरा वर्षं तू समजत आलीस की नव्या इंजिनाच्या गाड्या चालवून बघणारे आपले मास्तर तुझ्या पिनने गेले.

ते पूर्ण खरं नाही, हे तुला कळावं म्हणून हे पत्र.

तुझा भाऊ


२ जानेवारी

ताई,

मागच्या पत्रात "सवय" असा शब्द लिहिला. तो शब्द पंधरा दिवस मला बसू देत नाहीये.

आधी घरातलं सांगतो. रिग थांबली, पण टक थांबलेली नाही. बायको कपाट लावते, टक. मुलगी पेनाचं टोपण बसवते, टक. गॅसचा लायटर, जिन्यातलं बटण, शेजाऱ्याचा पंखा. मी जेवता जेवता थांबतो आणि घास तसाच हातात राहतो. "काय झालं?" बायको विचारते. मी पाणी मागतो. आणि चार नंबर अजून रिकामी झालेली नाही, तिथे गेलो की मास्तर असतात. दिसत नाहीत. पण दाराजवळच्या त्या लोखंडी स्टुलावर मी अजून कुणाला बसू देत नाही. काल मॅनेजरबाई बसायला गेल्या, तर मी इतका जोरात ओरडलो की त्यांच्या हातातली फाइल पडली. "पाय मोडका आहे," म्हणालो. पाय धडधाकट आहे.

ताई, सवय नव्हती. चाचणीच्या पहिल्या आठ सकाळी मी ऑइल गरम केलं नव्हतं. तू लिहिलं होतंस तसंच थंड चालवलं. नवव्या सकाळी आवाज आला.

मी ऐकला. लोक मला कानसेन उगाच म्हणत नव्हते.

त्या आधीचे दोन प्रसंग आठव. पहिल्यांदा मी आवाज येतो म्हणून तुला वरून बोलावलं, तर जाळीचा स्क्रू सैल निघाला. दुसऱ्यांदा मी छातीठोकपणे सांगितलं, कॅममध्ये खोट आहे. तू आलीस, सगळं उघडलंस, तीन तास घातलेस. शेवटी रिगच्या कठड्याला मीच अडकवलेला माझ्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा उचलून सगळ्यांसमोर धरलास. "हा घ्या तुमचा दोष. दार उघडा आणि घरी जा." अख्खी लॅब पोट धरून हसली. तूही. मास्तर तेवढे हसले नाहीत. महिनाभर कोणीही माझ्यासमोर किल्ल्या वाजवायचा. घरी आईलासुद्धा कळलं.

तू मोठी. शाळेत माझ्या वह्या तू तपासायचीस, सायकल तू शिकवलीस, या नोकरीचा अर्जही तूच भरलास. चार नंबर ही एकच जागा अशी होती जिथे मी साहेब होतो. तू दारातून आत आलीस की मी पुन्हा चौथीत जायचो.

नवव्या सकाळी टक ऐकल्यावर मी फोन उचलला होता. तुझा नंबर अर्धा फिरवला आणि ठेवून दिला. मनात म्हटलं, ही येणार, सगळं उघडणार, आणि पुन्हा माझंच काहीतरी निघणार. ऑइलचा पाइप लांब आहे, पंप जुना आहे, माझीच रिग वाईट. त्यापेक्षा ऑइल गरम करू, आवाज जाईल. गेला. दहाव्या सकाळपासून बासष्ट अंश. सेन्सरचं कारण मी नंतर बनवलं. पण बनवलेलं कारण इतकी वर्षं घासून घासून इतकं गुळगुळीत झालं की मागच्या पत्रात तुलाही तेच दिलं.

तुला राग येईल. यावाच.


११ जानेवारी

ताई,

तीन पत्रं झाली. एक ओळ? "पोचलं", एवढंही नाही? तुझी मान पहिल्यापासून ताठ. आई म्हणायची ते उगाच नाही.

नको. वरचं खोडत नाही, पण तसं म्हणायचं नव्हतं.

आज जुना अहवाल काढून पुन्हा वाचला. तीनच ओळींसाठी. एक, पिनच्या रचनेत त्रुटी. दोन, रिगवरील टिकाऊपणाची चाचणी समाधानकारक. तीन, असाधारण आवाज येत असतानाही चालकाने वाहन थांबवले नाही. गाडीतल्या यंत्राने ठोका नोंदला होता ना, चाळीस सेकंद. रात्रभर उघड्यावर ठेवलेली गाडी, सकाळी थंडच बाहेर काढलेली, चढाचा रस्ता. चाळीस सेकंद ठोका, मग व्हॉल्व्ह तुटला, इंजिन जाम, चाकं जाम आणि वळण.

खाली पाच सह्या. शेवटची माझी.

तू तेव्हा मला जिन्यात गाठलं होतंस. "सही केलीस?" एवढंच विचारलंस. मी म्हटलं, "चौघांनी केली होती." तुझ्या माझ्यातलं ते शेवटचं बोलणं. तुला वाटत असेल, भावाने तुझ्याविरुद्ध सही केली. मी तुझ्याविरुद्ध केली, मास्तरांविरुद्ध केली आणि मधल्या ओळीत स्वतःला साफ सोडवलं. आवाज ऐकूनही न थांबल्याचा ठपका मेलेल्या माणसावर ठेवताना मी सही एका दमात केली. अक्षर बघ कधी, किती सुबक आहे.

मास्तरांच्या घरी हा अहवाल गेला होता. कंपनीच्या माणसाने वहिनींना तिसरी ओळ वाचून दाखवली, पहिली नाही. त्यांनी विचारलं म्हणे, "म्हणजे त्यांचीच चूक?" त्यावर तो माणूस म्हणाला, "असं नाही, पण थांबायला हवं होतं." मला हे दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये कळलं. मी चहा संपवला.

तू काहीतरी लिही. शिव्या घाल. पण लिही.


२० जानेवारी

तुझी चारही पत्रं पोचली. पहिली तीन आली त्याच दिवशी वाचली. चौथं दोन दिवस तसंच ठेवलं, कारण आता मला काय लिहायचं आहे ते मला कळलं होतं आणि ते लिहायची हिंमत होत नव्हती.

तू मला सोडवायला निघाला आहेस. ते नको. ऐक.

तुझ्या चाचणीची आकड्यांची पानं माझ्या टेबलावर आली तेव्हा मी ती वाचली होती. सगळी. मास्तरांनी गाडी बाहेर काढायच्या सहा दिवस आधी. तापमानाच्या रकान्यात पहिल्या नऊ सकाळी पाच, सहा, सात. मग दहाव्या सकाळपासून बासष्ट, बासष्ट, बासष्ट. हिवाळ्यात सकाळी सातला ऑइल बासष्टवर कसं असेल, हा प्रश्न माझ्या वर्गातली मुलंही विचारतील. मी पेन्सिलीने त्या आकड्याखाली रेघ मारली. तुला फोन करणार होते.

मग तो किल्ल्यांचा प्रसंग आठवला. त्या संध्याकाळी आईने मला स्वयंपाकघरात बसवून सांगितलं होतं, "चारचौघांत त्याला असं बोलू नकोस. तो तुझ्यापुढे आधीच वाकलेला असतो. त्याच्या कामात नाक खुपसू नकोस, मला शब्द दे." मी दिला. तिचं म्हणणं खरंच होतं, मी फार वाईट वागले होते. म्हणून पेन्सिलीची रेघ रबराने खोडली. म्हटलं, त्याने काहीतरी विचार करूनच केलं असेल. खाली सही केली.

तू मला घाबरून बोलला नाहीस आणि मी तुला जपून विचारलं नाही. आपण दोघा भावंडांनी एकमेकांचा मान राखला, आणि तिसराच माणूस गेला. मी तुझ्याशी अकरा वर्षं बोलले नाही ते तुझ्या सहीमुळे नाही. तुझी आठवण आली की मला ती खोडलेली रेघ दिसायची. आईच्या वेळीही त्याच भीतीने पलीकडच्या भिंतीला उभी होते, तुझ्यावरच्या रागाने नाही.

आता एक सांगते, मोठी म्हणून शेवटचं. मला पत्रं लिहिणं थांबव. आपण एकमेकांना माफ करत बसलो तर आपल्याला फार बरं वाटेल, आणि त्याने वहिनींना काहीच मिळणार नाही. त्या घरात मास्तरांची मुलगी हेच ऐकत मोठी झाली की बाबांनी थांबायला हवं होतं. मी माझं सगळं लिहून काल वहिनींना पाठवलं. एक प्रत कंपनीला पाठवली. त्यात तुझ्याविषयी एक अक्षर नाही. ते तू लिहायचं.

उन्हाळ्यात ये. आधी ते लिही.

ताई


२८ जानेवारी

वहिनी,

मी चार नंबरच्या खोलीतला. मास्तर गेल्यावर कंपनीच्या लोकांबरोबर तुमच्याकडे आलो होतो, मागे उभा होतो. माझ्या ताईचं पत्र तुम्हाला मिळालं असेल. त्यात जे नाही ते माझ्याकडे आहे.

गाडीतल्या इंजिनाची पिन थंड ऑइलवर अडकते, याची खूण मला चाचणीच्या नवव्या दिवशीच मिळाली होती. आवाज मी स्वतःच्या कानांनी ऐकला. लोक हसतील म्हणून कोणाला सांगितलं नाही, ऑइल गरम करून तो आवाज घालवला आणि चाचणी समाधानकारक असं लिहून दिलं. नंतर ज्या अहवालात मास्तरांवर ठपका आला, त्यावर माझी सही आहे. हे सगळं मी कंपनीलाही लेखी दिलं आहे. नोकरी बहुधा जाईल. ती जायलाच हवी होती, तेव्हाच.

आणखी एक गोष्ट आहे. ती मी ताईलाही सांगितलेली नाही, बायकोलाही नाही. ती फक्त तुमची आहे.

मास्तरांची एक पद्धत होती. कुठलंही नवं इंजिन बाहेर काढण्याआधी ते माझ्या खोलीत यायचे, दाराजवळच्या स्टुलावर बसून बूट घट्ट बांधायचे आणि विचारायचे, "साहेब, काही ऐकलंत का यात?" बाकीचे माझ्या कानांची टिंगल करायचे, ते करायचे नाहीत. मी "डावीकडे जरा घरघर आहे" म्हटलं, तर ते तेवढं लक्षात ठेवून गाडी चालवायचे. मी काही नाही म्हटलं, तर निर्धास्त जायचे.

त्या सकाळीही ते आले. बूट बांधले. विचारलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही, कागदांवर काहीतरी लिहीत होतो. म्हणालो, "काही नाही मास्तर, बिनधास्त जा."

तुमच्या मुलीला हे नक्की सांगा. चाळीस सेकंद ठोका येत होता आणि तिचे बाबा थांबले नाहीत, ते निष्काळजीपणामुळे नाही. त्यांनी निघण्याआधी विचारलं होतं, आणि ज्याच्या शब्दावर त्यांचा विश्वास होता त्याने त्यांना काही नाही म्हणून सांगितलं होतं.